झुनलेचा तिसरा रकाना

थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी तो आला तसा जायचा. त्या आठवड्यात मात्र त्यानं तिथं मुक्कामच ठोकला. सकाळी चहाचं आधण ठेवताना ती धाकट्या भावाला बोल लावायची. ऑफिसात पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका तपासताना मनातल्या मनात लावायची. संध्याकाळी तो समोर आला की मग मनातलं सगळं बाहेर. बेजबाबदार, बिनडोक, कान असून नसल्यासारखा. जिभेला हाड नसतं म्हणतात, थोरलीच्या जिभेला तर लगामही नव्हता.

कारण साधं नव्हतं, हे मान्य. सोमवारी सकाळी ओतकामाच्या कारखान्यात भावानं क्रेन उलट्या बाजूला नेली. हुकाला दीड टनाचा लोखंडी ठोकळा होता, जमिनीपासून वीतभर वर. खाली उभा राहून वॉकीटॉकीवर इशारे देणारा माणूस तो ठोकळा आणि साचपेटी यांच्यात सापडला. पाऊल चिरडलं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली आणि उरलेलं पाऊल प्लॅस्टरमध्ये घातलं. तो माणूस म्हणजे या दोघांचे बाबा. एकतीस वर्षं इशारेवाले होते, आणि एकतीस वर्षांत त्यांच्या नावापुढं एक शेरा नव्हता.

भावानं त्याच दुपारी व्यवस्थापकाच्या टेबलावर चार ओळी लिहून दिल्या. शेवटची ओळ होती, 'माझे लक्ष नव्हते.' त्याला घरी बसवलं गेलं आणि पुढच्या बुधवारी चौकशी ठरली. बाबांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली की भावाची नोकरी गेली, यात कुणालाच शंका नव्हती. आणि बाबा सही करणार होते.

"मी झुनले म्हणालो," बाबा खाटेवर पडल्या पडल्या दर माणसाला सांगत. "स्वच्छ म्हणालो. दोनदा म्हणालो. हा उलटा गेला. खोटं कशाला बोलू? मुलगा आहे म्हणून?"

आता हे झुनले काय, ते सांगायला हवं, कारण थोरलीच्या रागाचं अर्धं मूळ तिथं होतं.

कारखान्याच्या त्या शेडमध्ये तीन क्रेन होत्या आणि तिघींना मिळून वॉकीटॉकीचा एकच चॅनल. एका क्रेनचा माणूस 'डावीकडे घे' म्हणाला की बाकीच्या दोन चालकांचेही हात दांड्याकडे जायचे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका प्रसंगात एक अख्खी साचपेटी फुटली होती आणि बाबा घरी येऊन तासभर धुसफुसत बसले होते. तेव्हा थोरली म्हणाली, "तुम्ही दोघं तुमचेच वेगळे शब्द वापरा. मी देते."

तिच्याकडे शब्द होते. लोजबान नावाची एक भाषा आहे, काही माणसांनी मुद्दाम बसून, तर्काला धरून बनवलेली. त्या भाषेतल्या दिशा दाखवणाऱ्या शब्दांना ठरलेले रकाने असतात. आपण 'डावीकडे' म्हणून मोकळे होतो. लोजबानमधल्या झुनलेला तीन रकाने: डावीकडे काय आहे, कशाच्या डावीकडे आहे, आणि कुणाच्या नजरेनं पाहिलं तर. थोरलीनं हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की तिनं बाबांना जेवता जेवता उठवून कागद दाखवला होता. दिवसभर 'डावीकडील झडप उघडा' लिहिणाऱ्या बाईला तिसऱ्या रकान्याची किंमत कळते. गिऱ्हाईक पंपाच्या मागे जाऊन उभं राहिलं की डावीकडची झडप उजवीकडे जाते आणि शिव्या पुस्तिका लिहिणाऱ्याला बसतात.

तर तिनं सहा शब्द दिले. झुनले डावीकडे, प्रितु उजवीकडे, श्राने पुढं, त्रिखे मागं, गाप्रु वर, श्निता खाली. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर व्याख्या छापल्या, वर प्लास्टिक चढवलं, एक कार्ड बाबांना, एक भावाला. बाबांनी आधी चेष्टा केली. मग पाठ केलं. बाकीचे कामगार बापलेकांना झुनलेवाले म्हणायला लागले. पाळीचा इंजिनिअर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, कारण त्या दोघांच्या क्रेननं दोन वर्षांत कुठंही पोचा पाडला नव्हता. नियमात हे बसत नव्हतं. रेडिओवर ठरवून दिलेलेच शब्द बोलायचे, असं कारखान्याच्या नियमपुस्तकात पांढऱ्यावर काळं होतं. पण काम बिनबोभाट चाललंय तोवर नियमपुस्तक कोण उघडतो.

म्हणून थोरलीला वाटायचं, मी यांना घासूनपुसून शब्द दिले. याला फक्त कान घेऊन कामाला जायचं होतं. तेवढंही जमलं नाही.

भाऊ रोज संध्याकाळी बाबांना बघायला यायचा. तो दूर, कारखान्याजवळच्या वस्तीत बायको-मुलीबरोबर राहायचा. थोरली आणि बाबा इथं, दोन खोल्यांच्या घरात. तो आला की बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. तो पायथ्याशी स्टुलावर बसायचा, प्लॅस्टरकडे बघत. दहा मिनिटांनी उठायचा. मग दारापर्यंत थोरलीची सोबत.

"लक्ष कुठं होतं तुझं?" ती चौथ्या दिवशी विचारत होती. "मला एवढंच सांग. फोनवर होतास?"

"नाही."

"मग झोपला होतास?"

"नव्हतं लक्ष, ताई. लिहून दिलंय ना."

"लिहून दिलंय म्हणे. मोठे उपकार केलेस. त्यांची दोन बोटं गेली आणि तू चार ओळी लिहून हात झटकलेस." मग तिनं जे म्हटलं ते म्हणायला नको होतं. "तुझ्या जागी कुणी परका असता ना, तर त्यानं बाबांना जास्त जपलं असतं."

भावानं चप्पल घातली. एकदा मान वर करून बहिणीकडे पाहिलं आणि निघून गेला. ब्र काढला नाही. तिला त्याचाही राग आला. भांडायला समोरचा माणूस तोंड उघडेना तर रागाचं करायचं काय.

इथं जरा थोरलीलाही दोन शब्द सुनवायला हवेत. माणूस स्वतःहून 'चूक माझी' म्हणाला की आपण किती पटकन विश्वास ठेवतो. शब्दाचा कीस पाडणारी ही बाई, एखाद्या व्याख्येत स्वल्पविराम चुकला तर दोन दिवस झोपत नाही. पण भावाच्या चार ओळींना तिनं एकही प्रश्न विचारला नाही. लक्ष नव्हतं म्हणजे कशाकडे नव्हतं? ऐकू आलं नाही, की ऐकू येऊन हात चुकला? काही नाही. सोयीचं होतं, घेतलं.

शनिवारी संध्याकाळी तिची मंडळी जमली. पाच जण होते, वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसायचे आणि नवशिक्यांसाठी लोजबानच्या शब्दांची आपल्या भाषेत पुस्तिका करायचे. सध्या जागा दाखवणारे शब्द चालले होते. प्रमुख एक निवृत्त प्राध्यापक, अंगानं काटकुळे आणि आवाजानं त्याहून. थोरलीच्या समोर नेहमी दंतवैद्य बसायचा, कारण दोघांना भांडायला सोपं पडायचं.

प्राध्यापकांनी मागच्या शनिवारचं इतिवृत्त वाचलं. झुनलेचा तिसरा रकाना रिकामा सोडला तर काय समजावं, यावर मागच्या खेपेला दोन तास रणकंदन झालं होतं. आधीच्या मसुद्यात होतं, 'ज्याला सांगितलं त्याची डावी.' प्राध्यापकांचं म्हणणं, रिकामा म्हणजे रिकामा, संदर्भानं कळेल, तिथं आपण काही भरूच नये. दंतवैद्याचं म्हणणं, डावी नेहमी खुर्चीतल्या माणसाची, नाहीतर लोकांचे भलतेच दात निघतील. थोरली उभी राहिली होती. वाचणारा यंत्रापुढं उभा असतो, बोलणारा माणूस आपल्या डोळ्यांनी बघतो, तेव्हा बोलणाऱ्याची डावी, बस. शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी तिनं ते करून घेतलं होतं.

"नोंद बरोबर आहे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"बरोबर आहे," थोरली म्हणाली. तिला त्या आठवड्यात एवढी एकच गोष्ट धड झालेली दिसत होती.

"मला अजून पटलेलं नाही," दंतवैद्य म्हणाला.

"तुम्हाला पटायची गरज नाही. मतदान झालंय."

तो हसला. तिनं कागद गोळा केले आणि 'जवळ' या शब्दाकडे वळली. किती जवळ म्हणजे जवळ, हा प्रश्न मागच्या शनिवारपासून लोंबकळत होता.

रविवारी दुपारी भावजय आली. एकटीच. मुलीला शेजारी सोडून आली होती. बाबांना फळं दिली, त्यांची विचारपूस केली, आणि थोरली भांडी घासत होती तिथं येऊन उभी राहिली.

"ताई, हे तुमचं आहे." तिनं पर्समधून एक कार्ड काढून ओट्यावर ठेवलं. नवं कोरं, प्लास्टिक चढवलेलं, कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा. "त्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. मला म्हणाले जाळून टाक. मी विचारलं का, तर अंगावर आले. आजवर कधी आले नव्हते हो माझ्या अंगावर." भावजयीचा आवाज कापत होता आणि तो रडण्यानं नव्हता. "मला त्यातलं काही कळत नाही. पण आठ दिवस तुम्ही त्यांना तोंडाला येईल ते बोलताय. ते घरी येऊन जेवत नाहीत. आणि हे कार्ड मला जाळायला सांगतात. म्हटलं, ज्याचं आहे त्यालाच विचारावं."

थोरलीनं हात पुसले. कार्ड उचललं. पहिलीच ओळ झुनलेची होती. 'तिसरा रकाना रिकामा असल्यास बोलणाऱ्याची डावी समजावी.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग बाबांच्या खोलीत गेली. खुंटीला त्यांचा कामाचा शर्ट तसाच होता, कारखान्यातून आलेला. खिशात हात घातला. जुनं कार्ड, कडा उकललेल्या, मध्ये घडीची रेघ. 'तिसरा रकाना रिकामा असल्यास ज्याला सांगितलं त्याची डावी समजावी.'

बाबा क्रेनच्या केबिनकडे तोंड करून उभे असतात. भाऊ केबिनमध्ये त्यांच्याकडे तोंड करून बसतो. एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी. बाबा झुनले म्हणाले ते मुलाची डावी धरून. मुलानं क्रेन नेली ती बाबांची डावी धरून. दोघांनीही हातातल्या कार्डाप्रमाणे अगदी बरोबर केलं.

आणि तिला मागचा रविवार आठवला. मतदानाच्या दुसऱ्या दिवसाचा. जिंकल्याची नशा उतरली नव्हती. भाऊ सकाळी आला होता, त्याचं जुनं कार्ड फाटलं होतं. तिनं ऐटीत नवं छापलं. प्लास्टिकचे पाउच घरात दोनच होते, एक यंत्रात चुरगळला, एकच कार्ड झालं. "झुनले आणि प्रितुची व्याख्या सुधारलीय, नीट वाच," ती म्हणाली होती. भावानं तिथंच उभ्यानं वाचलं होतं, ओठ हलवत, लहानपणी वाचायचा तसं. मग विचारलं होतं, "बाबांना?"

"बाबांना मी सांगते," असं थोरली म्हणाली होती.

बाबा तेव्हा बाजारात गेले होते. भाऊ गेला, बाबा आले, जेवले, पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. आणि संध्याकाळी दंतवैद्याचा फोन आला. 'जवळ'वरून. दोन तास ती फोनवर तावातावानं बोलत होती.

"ताई?" भावजयीनं विचारलं. "काय झालं?"

"तो आत्ता घरी आहे?"

"आहे."

"चल."

भाऊ घराबाहेर मुलीची तीनचाकी उलटी करून चाकाला तेल घालत होता. थोरलीनं कार्ड त्याच्यासमोर धरलं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि ती नेमकी कुणावर काढायची हे तिला कळत नव्हतं. सवयीनं त्याच्यावरच काढली.

"मला का नाही सांगितलंस?"

त्यानं कार्डाकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको मान ताठ ठेवून आत निघून गेली.

"आठ दिवस मी तुला काय काय बोलले. तोंडात मूग धरून ऐकत राहिलास. मला खोटं पाडायला काय जात होतं तुझं?"

तेव्हा भाऊ चिडला. तेलाची बाटली त्यानं जमिनीवर अशी ठेवली की अर्धी सांडली.

"सांगून काय करणार होतीस? बोटं चिकटवणार होतीस परत? ठोकळा त्यांच्याकडे निघाला तेव्हाच मला कळलं, ताई. हात दांड्यावर होता आणि कळलं, की हिनं बाबांना सांगितलेलं नाही. ब्रेक मारला, पण दीड टन थांबतो होय? वरून बघत होतो मी. केबिनमधून सगळं दिसतं." तो थांबला. "बाबांना कळलं असतं तर काय झालं असतं? तू त्यांच्याबरोबर राहतेस. रोज त्यांचं तोंड तुला बघायचंय. मी लांब राहतो. माझ्यावर रागावले तर रागावले."

"आणि नोकरी?"

"मिळेल दुसरी."

"कोण देणार? लक्ष नसतं असं लिहून दिलेल्या क्रेनवाल्याला कोण उभं करणार दारात?"

त्यानं उलट्या तीनचाकीचं चाक हातानं फिरवलं.

"मला वाचवायला तुला कुणी सांगितलं होतं?" थोरली म्हणाली. आवाज चढला होता आणि शेजारची खिडकी उघडली होती, तिला पर्वा नव्हती. "मी मागितलं होतं? माझ्या चुकीवर माझा हक्क आहे की नाही? आठ दिवस मी तुझ्या नावानं खडे फोडले, आणि तू ते फोडू दिलेस. याला प्रेम म्हणतात का? मला माणसातून उठवलंस तू."

"तू माझ्यावरच रागावतेस?" भाऊ म्हणाला.

"मग कुणावर रागावू?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. भाऊ खाली वाकला आणि सांडलेलं तेल चिंधीनं पुसायला लागला. थोरली तिथंच पायरीवर बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मी बाबांना सांगणार आहे. आज."

"त्यांचं काय होईल याचा विचार कर. तुमचे वेगळे शब्द होते हे चौकशीत आलं तर त्यांच्यावरही शेरा येईल. इशारेवाल्याचं प्रमाणपत्र जाईल. एकतीस वर्षं."

"ते त्यांनी ठरवायचं. तू नाही, मी पण नाही."

घरी आली तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते. तिनं दोन्ही कार्डं त्यांच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवली आणि उभी राहिली. बाबांनी चष्मा लावला. इशारेवाल्याला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही.

"कधी बदललंस?"

"शनिवारी ठरलं. रविवारी त्याला दिलं."

"मला कधी सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"मी कुठं होतो रविवारी संध्याकाळी?"

"इथंच. या खोलीत."

"आणि तू?"

"पलीकडं. फोनवर."

"दार लावलेलं होतं?"

"उघडं होतं."

"मला ऐकू येत होतं," बाबा म्हणाले. "जवळ म्हणजे किती, त्यावर भांडत होतीस. मी म्हटलं, पोरगी हुशार आहे."

त्यांनी चष्मा काढला. थोरली ओरडा खायला तयार उभी होती, किंबहुना तिला तो हवाच होता. बाबांनी कार्डं उचलून उशाखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. या वेळी तिच्यासाठी. सोमवार गेला, मंगळवार गेला. ती ताट ठेवायची, ते जेवायचे. ती औषध द्यायची, ते घ्यायचे. शब्द नाही. भाऊ दोन्ही दिवस येऊन गेला, त्याच्याशीही नाही. थोरलीला पहिल्यांदा कळलं की न बोलणाऱ्या माणसासमोर आठ दिवस उभं राहणं म्हणजे काय असतं, आणि आपला भाऊ ते वर शिव्या खात करत होता.

बुधवारी चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडं अधिकारी, अलीकडं बाबा खुर्चीत, प्लॅस्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. भाऊ दाराशी उभा. थोरलीला आत घ्यायला ते तयार नव्हते. 'बाबांना उठाबसायला मदत लागते' असं सांगून ती शिरली होती, बोलायचं मनाशी पक्कं करून.

अधिकाऱ्याला लवकर उरकायचं होतं. त्यानं भावाच्या चार ओळींचा कागद बाबांकडे सरकवला. "चालकानं स्वतःच कबूल केलंय. लक्ष नव्हतं. तुम्ही साक्षीदार म्हणून खाली सही करा, म्हणजे झालं. तुमच्या बाजूनं काहीच नाही. तुमचं रेकॉर्ड स्वच्छ राहतं."

बाबांनी कागद वाचला. मग उलटा करून ठेवला.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "त्याचं लक्ष होतं. सगळ्यांत जास्त त्याचंच होतं. त्याच्या हातात जे कार्ड दिलं ते त्यानं वाचलं आणि तसं केलं."

"कसलं कार्ड?"

बाबांनी खिशातून दोन्ही कार्डं काढून टेबलावर मांडली. "आम्ही बापलेक रेडिओवर ठरवून दिलेले शब्द बोलत नव्हतो. दोन वर्षं नाही. हे बोलत होतो. नियमाबाहेर. ते माझ्या नावावर लिहा, मी मोठा, मी सुरू केलं."

"बाबा," भाऊ दारातून म्हणाला.

"तू गप्प बस. आठ दिवस खोटं बोललास माझ्याशी. तुझं नंतर बघतो." त्यांनी त्याच्याकडे मान वळवली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तसेच पाहत राहिले. अधिकाऱ्यालाच शेवटी खाकरावं लागलं.

"पण दोन कार्डांत फरक आहे," अधिकारी म्हणाला. "हा बदल कुणी केला?"

थोरली पुढं झाली. तोंड उघडलं. दोन दिवस घोकलेली वाक्यं होती तिच्याजवळ, कुठून सुरू करायचं ते ठरलेलं होतं.

"ही माझी मुलगी," बाबा तिच्याआधी म्हणाले, तिच्याकडे न बघता. "बदल हिनं केला. मुलाला सांगितला, मला सांगायला विसरली. मी शेजारच्या खोलीत होतो."

एवढंच. त्यात 'बिचारी' नव्हतं, 'चुकून' नव्हतं, 'तिचा हेतू' वगैरे काही नव्हतं. कुणी तिला पाठीशी घातलं नाही आणि कुणी तिच्यावर ओरडलंही नाही. थोरलीचे कान तापले. रागानं तापायचे तसेच, पण हा राग आता दुसऱ्या कुणाकडे वळवता येत नव्हता. तो तिचा होता आणि तो तिच्याचकडे राहणार होता.

"हे खरं आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "शब्दन् शब्द खरं आहे."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. भावाला सहा महिने क्रेनवरून खाली उतरवलं, नोकरी राहिली. बाबांचं प्रमाणपत्र त्याच टेबलावर जमा झालं. त्यांनी ते पाकिटातून काढून दिलं, पाकीट बंद केलं आणि उठायला हात पुढं केला.

थोरलीनं कुबड्या उचलल्या. पण बाबांचा हात तिच्याकडे नव्हता. तो दाराच्या दिशेनं होता. भाऊ आला, खाली वाकला, आणि बाबांनी त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकला. दोघं बाहेर येऊन जिन्याची एकेक पायरी उतरायला लागले. तिसऱ्या पायरीवर बाबा त्याला काहीतरी म्हणाले, हळू, वरपर्यंत ऐकू आलं नाही. भावाचे खांदे हलले.

ती कुबड्या घेऊन त्यांच्या मागून उतरली. चार पायऱ्यांचं अंतर होतं. कुणी तिला जवळ ये म्हटलं नाही, आणि लांब राहा असंही म्हटलं नाही.